आठ पाहुणे आणि एक अ‍ॅपल पाय

अ‍ॅपल पायवर सोलकढी चांगली लागत नाही, हे मी जाणकार म्हणून सांगतो. रत्नागिरीत हा प्रयोग करणारा मी बहुधा एकटाच असेन.

आमची मानसी कॅनडात असते. तिची आई, माझी सुधा, गेल्यापासून ती दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते आणि पहिला प्रश्न एकच विचारते, ‘बाबा, या आठवड्यात घरी कोण आलं होतं?’ सुरुवातीला मी खरं सांगायचो. गॅस सिलिंडरवाला. मग तिचा चेहरा उतरायचा आणि मला तिकडे कायमचं नेण्याची बोलणी सुरू व्हायची. एसटी स्टँडवर तीस वर्षं माइकवरून गाड्या पुकारलेला माणूस मी, बर्फात जाऊन काय पुकारणार? म्हणून एका रविवारी सांगून टाकलं, की आम्हा रिटायर मंडळींचा नाश्त्याचा ग्रुप झालाय. पुढच्या रविवारी ग्रुप चार जणांचा झाला. दिवाळीपर्यंत आठ जण झाले. (दोघांना मी डायबिटीसही दिला. खोटं बोलावं तर तपशिलात बोलावं.)

मग एकदा मानसी म्हणाली, तिच्या घरी शनिवारी जेवायला मित्रमंडळी येणार आहेत, ती अ‍ॅपल पाय करणार आहे. मीही करावा, ग्रुपला बोलवावं, म्हणजे तिकडे त्यांचं जेवण आटोपेल तेव्हा इकडे रविवारचे सात वाजलेले असतील आणि सगळे मिळून खाऊ. पायबरोबर कुणाला काय आवडतं ते प्रत्येकाने सांगायचं. व्हॅनिला आइस्क्रीम, फेटलेलं क्रीम, कॅरॅमल. तिच्या नवऱ्याला तर गरम पायवर चीज लागतं म्हणे. मी म्हटलं, उत्तम कल्पना आहे. दुसरं काय म्हणणार?

पायचं जमलं. सुधाचा नानकटाईचा ओव्हन होता, रेसिपी मानसीने पाठवली होती. वरचं आवरण जरा टणक झालं, पण मोठ्या करंजीसारखं दिसत होतं. माणसं मात्र जमेनात. एक मित्र मुलाकडे ठाण्याला गेलेला. दुसरे म्हणाले ‘बघतो’, म्हणजे येत नाही. सुर्व्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना फोनवर ‘पाय खायला या’ म्हटल्यावर त्यांनी फोनच ठेवला. मनात जपलेली यादी तीन नावांत संपली. त्या शनिवारी संध्याकाळी मला पहिल्यांदा कळलं, की आठ हा किती मोठा आकडा असतो.

आइस्क्रीम आणलं होतं, ते फ्रिजमध्ये ठेवलं. खालच्या कप्प्यात. (वरचा, बर्फाचा कप्पा सुधाकडे असायचा.) सकाळी त्याचं दूध झालेलं. तेव्हा कुंपणापलीकडच्या मयेकर वहिनींना विचारलं, घावण्यांबरोबर करता तसला नारळाचा गोड रस मिळेल का? त्यांच्या घरची होडी आहे, रविवारी पहाटेच स्वयंपाक उरकून त्या बंदरावर मासे विकायला जातात. त्यांनी घाईघाईत दोन डबे कुंपणाच्या भिंतीवर ठेवले आणि काहीतरी सांगत निघून गेल्या. मी आभार मानण्यात गुंतल्यामुळे काय सांगितलं ते ऐकलं नाही.

सात वाजले. हॉलमध्ये आठ खुर्च्या, आठ बशा आणि मी. फोन वाजला. स्क्रीनवर मानसी, जावई आणि दहा-बारा हसरे चेहरे. ग्रुप कुठाय, असं तिने विचारलं. मी म्हटलं, हात धुतायत. आठ जण एका नळावर, वेळ लागणारच. आत जाऊन दोन भांडी आपटली, सुर्व्यांना मोठ्याने हाक मारली, स्वतःच हसलो, आणि येताना पहिला हाताला लागला तो डबा उघडून पायवर ओतला. रस गुलाबी होता. परदेशातल्या लोकांसमोर जायचं म्हणून वहिनींनी मुद्दाम रंग घातला असेल, असं वाटून मला भरूनही आलं.

मोठा घास घेतला. सफरचंद, दालचिनी, लसूण आणि हिरवी मिरची. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिकडे एक बाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या, अंकल किती भावुक झाले. मी मान हलवून दुसरा घास घेतला. आता माघार कशी घेणार?

मानसी मात्र हसत नव्हती. ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली.

“बाबा, त्यावर कोथिंबीर आहे.”

मी बशीकडे पाहिलं. होती.

मग तिने फोन उचलला, दुसऱ्या खोलीत गेली, दार लावलं.

“घरात कोणी नाहीये ना?”

बत्तीस प्रवासी आत बसलेली गाडी रद्द झाल्याचं मी माइकवरून बेधडक सांगितलेलं आहे. पण तो ‘नाही’ काही केल्या बाहेर येईना. शेवटी म्हटलं, “नाही. कधीच नव्हतं.”

तेवढ्यात दार ढकलून मयेकर वहिनी आत आल्या, डोक्यावर टोपली तशीच. मी नीट ऐकलं नसेल म्हणून अर्ध्या रस्त्यातून परतल्या होत्या.

“भाऊ, निळ्या झाकणाचा रस हाय. दुसरी कढी हाय, ती दुपारच्याला भाताबरोबर.”

मग त्यांनी आठ खुर्च्या पाहिल्या, बशी पाहिली, माझे डोळे पाहिले आणि फोनमधली मानसी पाहिली. टोपली दारात उतरवली, हात धुतले, पहिल्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, “वाढा मला पण. त्या निळ्यातला घाला.”

रसाबरोबर पाय खरंच छान लागला. वहिनींनी दोन तुकडे खाल्ले. त्या दिवशी बंदरावर उशीर झाला म्हणून त्यांची पापलेटं कमी भावात गेली, हे मला नंतर त्यांच्या नवऱ्याकडून कळलं. फोन ठेवण्याआधी मानसीने त्यांचा नंबर मागून घेतला.

आता रविवारी कॉल आधी वहिनींना जातो, मग मला येतो. बाकी फारसं बदललेलं नाही. आठवडाभर मी अजून एकटाच असतो, फक्त त्याबद्दल खोटं बोलायची सोय राहिलेली नाही.