मांजरीची शेवटची ओळ

"बोलता येत नसन तं लिहा जी," असं म्हणून तो कानावरची पेन्सिल काढून समोरच्यापुढे धरायचा. कोणी भांडायला आलं तरी पेन्सिल पुढे. निम्मी माणसं तिथेच हसून परत जायची.

साकोलीच्या एका ऑफिसात मी झाडू-पाणी करत होते. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर दोन्हीकडच्या याद्या निराळ्या करायला त्याला कंत्राटावर घेतलं होतं. माणूस नाकाडोंगरीचा. दर तीन महिन्यांनी साहेबांची सही झाली तरच पुढचं काम. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल. सगळ्यांच्या आधी येणारा, आणि मोडकी खुर्ची त्याच्याच वाट्याला.

त्याच्या कंप्युटरच्या पडद्यावर मदतीला एक चित्रातली पिवळी मांजर यायची. बाकीचे तिला हाकलायचे, याने तिला कामाला लावलं. यादी उघडली की ती पंजा हलवायची आणि तिच्या डोक्यावरच्या फुग्यात अक्षरं यायची. 'पाणी भरलं का, बाई?' खाली दोन बटणं, 'झालं' आणि 'राहिलं'. 'राहिलं' दाबलं की मांजर अंग मुडपून झोपून जायची.

मी कोणाला काही विचारणारी नाही. तरी विचारलं, "हे कसं जी, भाऊ?"

"याले मॅक्रो म्हणतेत. सायेब तुमाले सकायी कामं सांगतेत न, एकामागून एक? तशी मी हिले लिहून देतो. या ओळी पाहा. सगळ्यात खालची असन ते बोलते."

मग सकाळी कोणी नसताना मी यादी उघडून मांजरीला उत्तर देऊ लागले. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही विसरत चाललेली. तो मला एकेक अक्षराची कळ दाखवायचा.

"कोनाले सांगू नका," मी म्हणायचे.

"अन् मांजरीनं सांगतलं तं?"

एका संध्याकाळी तो म्हणाला, "आज ओळ तुमी लिहा," आणि चहाला निघून गेला.

आमचे साहेब खर्रा खायचे आणि पिचकारी चहाच्या कपात टाकायचे. तो कप मी धुवायचे. मी लिहिलं, 'साहेब, कपात थुंकू नका. धुताना ओकारी येते.' अर्धा तास लागला. परत येऊन त्याने वाचलं आणि हसता हसता डोळे पुसले. "मस्त हाय. पण जायच्या आधी मिटवा बरं," म्हणाला आणि मिटवायची कळ दाखवून घरी गेला.

मी मिटवलं नाही. सकाळी एकदा मांजरीच्या तोंडून ऐकावं, मग मिटवावं, असं वाटलं.

सकाळी मला आधी नाश्ता आणायला पाठवलं. भंडाऱ्याहून मोठे पाहुणे आले होते. मी ट्रे घेऊन आत आले तेव्हा साहेब त्यांना कौतुकाने स्वतः यादी उघडून दाखवत होते. मांजर उठली. पंजा हलवला. फुगा आला.

एक पाहुणा हसला. साहेबांच्या हातात तोच कप होता.

"कोनं लिहिलं हे?" त्यांची नजर माझ्यावरून फिरली आणि पुढे गेली. "हिले तं सही बी धड येत नाही."

'मी' एवढाच शब्द होता. तोंडात आला आणि तिथेच राहिला. भाऊ माझ्याकडे पाहतच नव्हता.

"मीच लिहिलं सायेब. गंमत केली," तो म्हणाला.

तीन महिने भरले. सही झाली नाही. जाताना त्याने कानावरची पेन्सिल माठाच्या झाकणावर ठेवली आणि निघून गेला. पेन्सिल मी घरी आणली. तिला टोक केलं ते आज, हे लिहायला.

त्याच्या जागी नवीन माणूस आला. मॅक्रो चालू द्यायचे का, असं कंप्युटर त्याला रोज विचारायचा आणि तो रोज 'नाही' दाबायचा. मांजर परत कधी उठली नाही.

साहेबांनी मात्र त्या दिवसापासून कपात थुंकणं सोडलं. नुसत्या पाण्याने निघेल इतका स्वच्छ कप यायचा. तरी मी तो घासत बसायचे.