शरफुन्निसाबाईंवाचून एक आठवडा

जेद्दा शहराच्या अल अझीझिया भागातल्या त्या क्लिनिकमध्ये शरफुन्निसाबाई मदतनीस होत्या. म्हणजे कागदावर. त्यांचं स्वतःचं मत निराळं होतं. रडणारं पोर धरायचं, घाबरलेल्या म्हाताऱ्याला गोड बोलून खुर्चीत बसवायचं, जखम धुऊन तयार ठेवायची, एवढं सगळं झालं की नर्सने येऊन फक्त सुई टोचायची. "उरलेलं क्लिनिक मीच चालवते," असं बाई अकरा वर्षं सांगत आल्या होत्या, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

दरवर्षी पगारवाढीच्या वेळी मॅनेजर कुमारसाहेब त्यांची शिफारस लिहायचे. साहेब साताऱ्याचे, मोजकं बोलणारे. बाई टेबलाशी उभ्या राहून मजकूर सांगायच्या. "लिहा साहेब, हिच्यावाचून क्लिनिक एक दिवस चालत नाही." साहेब निमूटपणे लिहायचे.

यंदा बाईंनी नर्स व्हायचं मनावर घेतलं. शहरातल्याच एका खासगी कॉलेजात प्रवेशही मिळाला. वर्ग आठवड्यातून तीन सकाळी. अर्धी फी क्लिनिकने भरली तरच जमणार होतं, म्हणून अर्ज कफीलकडे, म्हणजे क्लिनिकच्या सौदी मालकांकडे गेला. त्यांनी बाईंची फाईल उघडली, अकराच्या अकरा शिफारशी वाचल्या आणि अर्ज नाकारला. जिच्यावाचून एक दिवस चालत नाही, तिला तीन दिवस कसं सोडायचं?

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. फी भरायला दोनच आठवडे उरले होते.

"एक आठवडा घरी बसा," कुमारसाहेब म्हणाले. "क्लिनिक नीट चाललं, तर मी तसं लिहून देतो."

"आणि नाही चाललं तर?"

"तर पुढच्या वर्षी पगारवाढ पक्की."

बाई घरी बसल्या. बसल्या म्हणजे फोनसमोर बसल्या. भांडी घासतानाही फोन नळाशेजारी. त्यांचे यजमान उस्मान दुसऱ्याच दिवशी वैतागले. "बघून बघून वाजणार हाय काय गो तो?"

"बंद पडला नाय ना, ते बघतंय."

मंगळवारपर्यंत बाई दोन दुआ मागू लागल्या. क्लिनिक सुरळीत चालू दे, ही एक. आणि निदान एकदा तरी कुणीतरी फोन करून रडू दे, ही दुसरी. दोन्ही एकदम मागू नयेत हे कळत होतं, तरी मागितल्या. फोन आला नाही. कुणाचाच नाही.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपून रविवारी त्या कामावर गेल्या तेव्हा कुमारसाहेबांनी पत्र पुढे केलं. 'यांच्या अनुपस्थितीत कामात कोणताही अडथळा आला नाही.' खाली कफीलची सही, फी मंजूर. बाईंना आनंद झाला, खूप झाला, आणि तरी आत काहीतरी टोचत राहिलं.

"एकदासुद्धा अडलं नाही, साहेब?"

"एकदासुद्धा नाही," साहेब कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले.

दुपारी नर्स आलिमाने त्यांना गाठलं. "आपा, आता पुन्हा आख्खा आठवडा नका हो जाऊ! सोमवारी दोन म्हातारे सुई न घेताच उठून गेले. मंगळवारी एक पोरगं कुणाला धरवेना. शेवटी साहेबांनी धरलं, तर ते त्यांना कडकडून चावलं."

"मग फोन का नाही केलास?"

"कसा करणार? साहेबांनी सगळ्यांचे फोन ड्रॉवरमध्ये ठेवलेले. म्हणाले, बाईंना एक जरी फोन गेला, तर बाईंचं कॉलेज गेलं."

बाईंना एकदम भरून आलं. त्या ड्रेसिंगचं सामान घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि काही न विचारता त्यांची बाही वर सारली. पट्टी कुणीतरी भलतीच बांधली होती. त्यांनी ती सोडली, दातांच्या खुणा नीट धुतल्या.

"अडथळा काहीच आला नाही ना, साहेब?"

"जरा हळू बांधा," साहेब म्हणाले.