धाकट्याची गोष्ट

तिसरीतच माझी शाळा सुटली आणि पोटासाठी कोकणातून मी थेट शहाद्याच्या कचेरीत नकला उतरवायला लागलो; परत घरी जाणं काही झालं नाही. त्या साली सरकार मुलखातल्या सगळ्या बोलींचे नमुने गोळा करत होतं. प्रत्येक बोलीत गोष्ट एकच सांगायची: एका माणसाला दोन मुलगे, धाकटा घर सोडून जातो आणि शेवटी परत येतो.

सातपुड्यातल्या बोलीसाठी जंगलखात्याचा शिपाई बाजारातून एका म्हातारीला घेऊन आला. तिचं नाव मी विचारलंच नाही. शिपायाने समजावलेली गोष्ट उकिडवी बसून ती आपल्या बोलीत सांगे आणि दर वाक्याला गळ्यातल्या माळेचा एक मणी पुढे सारी. मी ऐकू येईल तसं लिहून घेई. धाकटा घरी परत निघाला, तिथे मणी तिच्या बोटांतच राहिला.

"डोकरी, पुढे सांग ना!" शिपाई हसला. "पोऱ्या घर उना, इतलंच त ऱ्हायनं." उना म्हणजे आला, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

ती हळूच काही बोलली. शिपायाचं हसू गेलं. मला म्हणाला, "तिना पोऱ्या रूळ टाकाना कामवर गया, अजून उना नई. म्हनस, मन्हा पोऱ्या उना नई, मंग उना असं मी कसं सांगू?"

अर्ध्या गोष्टीचा तो कागद मी आमच्या वरिष्ठांपुढे, भाऊसाहेबांपुढे ठेवला. नोकरी जाणार असंच वाटलं. त्यांनी तो वाचला आणि "असू दे" म्हणून खाली सही केली. ते उपकार मी विसरलेलो नाही.

पण अजून वाटतं, आमच्या गावी कुणी माझ्या आईला ती गोष्ट सांगायला लावली असती, तर तीही तिथेच थांबली असती.