अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह बंद

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न अवतरणचिन्हांनी जमवलं. पत्रिका नंतर पाहिली.

नव्वदच्या आसपास आम्ही नवीन पनवेलला राहायला आलो आणि मला कथालेखनाचा नाद लागला. (कचेरीत काम कमी असलं की माणूस साहित्याकडे वळतो.) खालच्या मजल्यावरचे कर्णिक सर कॉलनीचा दिवाळी अंक काढायचे. सासू सुनेला घराबाहेर काढते, अशी माझी हृदयद्रावक कथा त्यांनी वाचली आणि चष्मा काढून विचारलं,

"यात बोलतंय कोण?"

"सासू."

"आणि हे?"

"सून. म्हणजे... थांबा हं."

मलाच सांगता येईना! सगळे संवाद मी एकाच परिच्छेदात कोंबले होते.

"प्रत्येकाचं बोलणं नव्या ओळीवर, अवतरणचिन्हांत घ्या," सर म्हणाले. "मग घरच्यांकडून मोठ्यानं वाचून घ्या. कोण बोलतंय ते लगेच कळेल. शनिवारी द्या, छापतो."

शनिवारीच संध्याकाळी आमच्या नंदाला बघायला उरणची मंडळी येणार होती. आधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली ती गेलीच, त्यामुळे आईचा जीव टांगणीला लागला होता. पण दुपार मोकळी होती. मी सगळ्यांना वाचायला बसवलं.

"सासूचं मी वाचणार नाही," आई म्हणाली. "उगीच लोकांना वाटेल मी तशी आहे. मी सुनेचं वाचते."

त्यामुळे सासू आली माझ्या बायकोच्या, सुधाच्या वाट्याला. नंदाकडे दिली विरामचिन्हं. एकही सुटू नये म्हणून ती तिनं मोठ्यानं म्हणायची, असं ठरलं.

सुधाला आधी लाज वाटत होती. दुसऱ्या पानावर ती गेली. (लाज. सुधा नव्हे.)

"चालती हो माझ्या घरातून!" सुधा कडाडली.

"उद्गारचिन्ह," नंदा शांतपणे म्हणाली.

"मी कुठे जाऊ हो? मला कोण आहे?" आईनं हंबरडाच फोडला.

"दोन प्रश्नचिन्हं. अवतरणचिन्ह बंद."

आमच्या इमारतीच्या भिंती इतक्या पातळ, की शेजारी कुणी शिंकलं तर आई इकडून 'शतायुषी हो' म्हणायची! पाचव्या पानावर दार ढकलून कर्णिक सर आत घुसले. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

"सुधावहिनी, शांत व्हा! सासूबाईंना असं बोलतात का?"

त्यांच्यामागे जिन्यात निम्मी इमारत उभी. जवळच्या कोन गावाहून मासे विकायला येणारी सखूबाई टोपली घेऊन पुढेच होती आणि रेशमी साडीतल्या एका अनोळखी बाईंना दटावत होती, "बेल नका मारू ओ, आमाला ऐकू द्या! सून सासूला भायेर काढते हाय!"

त्या बाई म्हणजे मुलाची आई. एस.टी. लवकर मिळाली होती!

"गेलं स्थळ," आई पुटपुटली. या वेळी तिच्या डोळ्यांत खरं पाणी होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी हातातले कागद नाचवत "कथा आहे हो, कथा!" म्हणून ओरडलो. कुणाचाही विश्वास बसला नाही.

बाईंनी घरभर नजर फिरवली. "ती मधेमधे बोलत होती ती मुलगी कोण?"

"ती... नंदा. तुम्ही जिला बघायला आलात ती."

"घरात एवढं रण पेटलंय आणि हिचा आवाज म्हणून चढला नाही! मी आणि माझ्या सासूबाई एका घरात राहतो. आम्हाला अशीच मुलगी हवी होती." त्यांनी खुर्चीत बसून माझ्या हातातल्या कागदांकडे बोट केलं. "बरं, त्या सुनेचं पुढे काय झालं?"

सखूबाईनंही टोपली खाली ठेवली. उरलेली कथा भरल्या घरात वाचून झाली आणि पोहे तिलाही मिळाले.

सोमवारी सरांनी कथा परत केली.

"चिन्हं अगदी जागच्या जागी आहेत," ते म्हणाले. "पण संवाद पटत नाहीत हो. खऱ्या घरात माणसं असं बोलत नाहीत!"

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. आज दोन्ही चपला होत्या.

तेव्हापासून मी कविता करतो. तिथे कोण बोलतंय, हे अजून कुणी विचारलेलं नाही. खरं तर कुणी काहीच विचारलेलं नाही.