माझं आतडं आणि पोराची सोयरीक

माझ्या पोराचं ठरत आलेलं लग्न मागच्या वर्षी मोडायला निघालं, आणि कारण काय, तर माझं आतडं. देण्याघेण्यावरून नाही, पत्रिकेवरून नाही, मानपानावरून नाही. आतडं. कुणाला सांगितलं तर आधी हसतात, मग माझं तोंड बघून गप्प बसतात.

डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात. मराठीत सांगा म्हटलं तर म्हणाले, "तुमचं आतडं चिडकं आहे." म्हटलं चला, घरात आणखी एक. सगळ्या तपासण्या झाल्या, नळी घालून बघून झालं, रिपोर्ट साफ. पोट मात्र फुगायचं, मुरडा यायचा, कधी दोन दोन दिवस काहीच नाही आणि कधी अशी घाई की विचारू नका. मी पोस्टात काउंटरला बसते. समोर ही रांग, आणि मी "एक मिनिट हां" म्हणून पळायची. मागं लोक काय काय बोलायचे ते मला आत ऐकू यायचं. डॉक्टर बरा माणूस. म्हणाला, जिवाला धोका नाही, पण काय सोसत नाही ते तुम्हालाच शोधावं लागेल. काही दिवस एकेक वस्तू बंद करायची, मग एकेक परत घेऊन बघायची. प्रत्येकाचं वेगळं निघतं.

माझं जे निघालं त्यानं कपाळाला हात लावायची पाळी आली. कांदा नाही. लसूण नाही. दुधाचा चहा नाही. पोळी एखादी चालते, दुसरीला पोट तट्ट. बेसन, हरभऱ्याची डाळ, राजमा, नाव काढायचं नाही. आंबा नाही, कलिंगड नाही, आणि सीताफळ नाही. या शहरात राहायचं, हंगामात गाड्यावर गाडे बघायचे आणि पुढं चालायचं. चालतं काय, तर ज्वारीची भाकरी, भात, मुगाचं पातळ वरण, मेथी, भेंडी, बटाटा, अंडं. लसणाचा वास हवाच असेल तर पाकळ्या तेलात परतायच्या, काढून टाकायच्या आणि त्या तेलात फोडणी द्यायची, तेवढं मला सोसतं. चहा प्यायचा तर आलं घालून पातळ, कोरा. वाईट नाही हो, माणूस जगतं त्यावर. जगू देत नाहीत ती बाकीची माणसं.

कारण आमच्याकडं कुणाच्या घरी जाऊन चहा नको म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. "नको" हा शब्द आमच्या लोकांना ऐकूच येत नाही. "बरं, अर्धा घ्या." अर्धा नको. "मग निम्मा घ्या." निम्मा म्हणजे काय वेगळा असतो का? दूध चालत नाही म्हटलं की म्हणतात, "आमच्या घरच्या म्हशीचं आहे." म्हैस घरची असली म्हणून माझ्या आतड्याला काय तिची ओळख आहे? कांदा नको म्हटलं की बाजूला काढून देतात, रस्सा तसाच. वर सल्ले. ओवा खा, बेलाचा मुरंबा खा, ताक पी, ताक अजिबात पिऊ नको, मनावर घेऊ नको. एक नातेवाईक तर म्हणाली, तुला काम कमी आहे म्हणून पोट आठवतं. माझं डोकं असं फिरलं की तिच्या घरची वास्तुशांत मी टाळली.

तर पोराचं. यजमान गेले तेव्हा तो शाळेत होता. आता शेंद्र्याला कंपनीत आहे, पुंडलिकनगरच्या घरात आम्ही दोघंच. त्याच कंपनीत एक मुलगी. एक दिवस त्यानं जेवता जेवता सांगितलं, आई, मला हिच्याशीच लग्न करायचंय, आणि ते लोक बौद्ध आहेत. आम्ही मराठा, गावाकडं शेतीवाडी असलेले. माझ्या डोक्यात काही आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. भावकी काय म्हणेल, हे आधी आलं. मग मुलगी घरी आली, माझ्याशेजारी ओट्यापाशी उभी राहिली, लसूण तेलातून काढून टाकायची युक्ती एकदा बघून तिच्या लक्षात राहिली, आणि मी मनात म्हटलं, भावकीनं मला इतक्या वर्षांत काय भरवलंय? पोराला तिच्याइतकं हसताना मी कधी बघितलं नव्हतं. हे लग्न व्हावं असं मला त्याच्यापेक्षा जास्त वाटायला लागलं.

मग मुकुंदवाडीला त्यांच्या घरी जायचं ठरलं. पहिलीच भेट. घर लहान, पण लख्ख. मुलीचे वडील कंपनीतून खास सुट्टी काढून बसलेले, आई घरी शिवणकाम करणारी, शांत बाई. पाणी आलं, चहा आला, तळलेली कांदाभजी आली, शिरा आला. यातलं मला सोसणारं एकही नाही. आता पहिल्या भेटीत व्याह्यांपुढं संडासाच्या गोष्टी काढायच्या का? मी आपली हसून म्हणाले, "माझं पथ्य असतं, मला काहीच नको." पोरगंही म्हणालं, "हो, आईला पथ्य आहे." आणि मला तहान लागली होती, म्हणून मी पिशवीतून माझी बाटली काढली आणि पाणी प्याले.

आणि काय सांगू, कुणी आग्रह केला नाही. एका शब्दानं नाही. मुलीच्या आईनं "बरं" म्हटलं आणि ताटली उचलून आत नेली. अर्धा नाही, निम्मा नाही, म्हैस नाही. मी तर आतून सुखावले. इतक्या वर्षांत पहिलं घर, जिथं माझा शब्द खाली पडू दिला नाही. पोरगं दोन बशा भजी खाऊन बसलं. परत येताना रिक्षात मी त्याला सांगत होते, किती समजूतदार माणसं आहेत बघ, याला म्हणतात संस्कार. तो बाहेर बघत होता.

दोन दिवसांनी तो कंपनीतून आला तो बूटही न काढता बसला. म्हणाला, "ते नको म्हणतायत." मला कळेचना. म्हटलं, का बाबा, मी काय वाईट बोलले? म्हणाला, "आई, त्यांनी तुला आग्रह का केला नाही, कळलं का तुला? त्यांना वाटलं, तू त्यांच्या घरचं खात नाहीस. चहा नाही, शिरा नाही, आणि पाणीसुद्धा घरून आणलेलं." मी म्हटलं, तुझ्या त्या मुलीला तर माझं सगळं माहीत आहे. "तिला माहीत आहे. तिनं सांगितलंही. तिची आई म्हणाली, तू लहान आहेस, तुला नाही कळायचं."

मला आधी राग आला. कुणाचा, ते कळत नव्हतं. आयुष्यभर ज्या आग्रहाला मी शिव्या घातल्या तो एकदा झाला नाही, तर हे. रागाच्या भरात भांडी घासली, एक कप फुटला. मग जरा शांत झाल्यावर ती खोली डोळ्यांपुढं आली, समोर भरलेला ग्लास, आणि मी पिशवीत हात घालून बाटली काढतेय. अगं बाई माझे, असं झालं मला.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि एकटीच गेले. मुलीची आई एकटी होती, जमिनीवर बसून मेथी निवडत होती. "या" म्हणाली, खुर्ची पुढं केली, पाणी विचारलं नाही. मी खुर्चीवर न बसता खाली बसले आणि सगळं ओकले. कसली लाज आणि कसलं काय. म्हटलं, ताई, मला संडासचा त्रास आहे. दूध प्याले की तासाभरात पळावं लागतं, कांदा खाल्ला की पोट ढोलासारखं होतं, तुमच्याकडं रिक्षानं यायचं म्हणून सकाळपासून मी नुसता भात खाल्ला होता. त्या ऐकत होत्या, हात चालू होते.

"असेल," त्या म्हणाल्या. "पण ताई, आमच्याकडं येणाऱ्याला पथ्य असतंच. कुणाचा उपास असतो, कुणी आत्ताच जेवून आलेलं असतं. लेकीच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आया तर सगळ्या एकजात आजारी. इतकी आजारी माणसं मी दवाखान्यातबी बघितली नाहीत."

त्यांनी एक जुडी संपवली, दुसरी सोडली.

"चहाचं कळलं," त्या म्हणाल्या. "कांदा-लसणाचं बी कळलं. पाण्यात काय असतं?"

मी सांगायला गेले की आपल्या शहरात पाणी असं कधीतरी येतं, टँकरचं असतं, म्हणून मी उकळून घेते, माझ्या सख्ख्या बहिणीकडं जातानासुद्धा बाटली नेते.

"बहिणीला तुमच्यावर शंका यायचं कारण नाय," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढवला नाही. "माझी आजी लोकांच्या वाड्यापुढं ओंजळ धरून बसायची. वरनं पाणी ओतायचे, ओंजळीत पडंल तेवढं प्यायचं. ती सांगायची तेव्हा आम्ही पोरी हसायचो, म्हणायचो, आजी, आता तसं नाय राहिलं. तुम्ही माझ्या खुर्चीत बसून स्वतःचं पाणी प्यालात, ताई. माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी रात्री जेवण केलं नाही."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. कारण खरं सांगायचं तर डॉक्टरनं पाणी कधीच मना केलं नव्हतं. ते माझ्या भीतीनं माझ्या मागं लावलेलं. मी म्हटलं, "मला पाणी द्या." त्या उठल्या, माठातून ग्लास भरला आणि माझ्यापुढं ठेवला, हातात दिला नाही. मी उचलून सगळा प्याले. त्या बघत होत्या. मग म्हणाल्या, "भाकरी चालते का?" चालते. "मेथी?" चालते, पण लसूण काढून. "लसूण काढून म्हंजे कसं?" मी सांगितलं. त्यांनी हिरवी मिरची किती, तेल कोणतं, शेंगदाण्याचं कूट घातलं तर काय, सगळं खोदून खोदून विचारलं. इतकं नीट तर मला त्या डॉक्टरनंसुद्धा विचारलं नव्हतं. मला वाटलं, झालं, मिटलं.

मी उठायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, "रविवारी जेवायला या. तुमच्यापुरतं मी वेगळं करते. पण एकट्या येऊ नका. तुमच्या घरची माणसं आणा. दीर, जावा, जे असतील ते. त्यांची पोटं तर चांगली हायेत ना?"

मी हो म्हटलं. काय करणार, हो म्हटलं. रिक्षात बसल्यावर लक्षात आलं की बाईनं बरोबर जिथं ठेवायचं तिथं बोट ठेवलंय. माझी एकटीची परीक्षा नव्हतीच ती.

आमच्या भावकीत आता शब्द चालतो तो धाकट्या दिरांचा. ते नाहीत तर कार्याला कुणी यायचं नाही. हा माणूस पंगतीत बसला की वाढणारे बदलावे लागतात. मटण असो, बासुंदी असो, दुसऱ्या दिवशीचं शिळं वांगं असो, यांना काही होत नाही. लग्नाचं ऐकून त्यांनी तोंडावर विरोध केला नव्हता. "पोराची खुशी" एवढंच म्हणाले होते. घरी आल्या आल्या मी त्यांना फोन लावला आणि रविवारचं सांगितलं.

ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "लग्नाला येतोच की वैनी, आपलंच पोरगं हाय. पण जेवायला तेवढं नका धरू. काय हाय, आजकाल माझं पण पोट बरोबर नाय."

त्या मुकुंदवाडीच्या बाईला माझं पथ्य कसं ऐकू आलं असेल, ते मला तेव्हा समजलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला. फोन ठेवून द्यावा, नाहीतर तोंडाला येईल ते बोलावं, दोन्ही मनात आलं. पण पोरगं दारात उभं राहून माझ्याकडं बघत होतं.

मी म्हटलं, "असं व्हय भाऊजी? मग तर लई बरं झालं. माझ्यासाठी त्या बिनलसणाचं करणारच आहेत. तुमचं ताट माझ्याशेजारी वाढायला सांगते. आणि पाण्याची काळजी करू नका, त्यांच्या माठातलं मी पिऊन आलेय, सोसतं."