चढावरचा पिकअप

माणसं उतरवल्याशिवाय माणसांची गाडी पळत नाही, हा शोध जगात फक्त माझ्या मामेसासऱ्यांनी लावला. हयात आगबोटीच्या इंजिनाशेजारी काढून ते सावर्ड्याला परतले आणि कुटुंबाला हिंडवायचं म्हणून त्यांनी तेव्हा नव्यानेच निघालेली व्हॅन घेतली. त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास, पिकअप. त्यात अडचण एकच, कुटुंब. आधी स्टेपनी पडवीत गेली, मग जॅक, मग मागची सीट, आणि आम्ही सतरंजीवर बसू लागलो. ॲक्सिलरेटर ते अनवाणी दाबत. चपलेतून म्हणे इंजिनाचं मन कळत नाही. वारा आत शिरून गाडीला मागे ओढतो म्हणून ऐन मे महिन्यात काचा बंद. गिअर बदलताना ते "हं, पुढे" म्हणत आणि आम्ही सगळे भक्तिभावाने पुढे वाकत असू. प्रवासाच्या आदल्या दिवशी तर आमच्या ताटांवरही त्यांची नजर असे. "जावईबापू, भात बेतानं हां. उद्या चढ आहे," असं सासुरवाडीत ऐकून घेणारा कोकणातला मी पहिलाच जावई असेन. एवढा खटाटोप कशासाठी, तर चढावर एकदा एसटीला मागे टाकायचं होतं.

मामींची इच्छा साधी होती. नवरा बोटीवर असताना वर्षानुवर्षं त्या एकट्याच एसटीने हेदवीच्या गणपतीला जात. आता एकदा त्याच्या शेजारी बसून जायचं होतं. एका चतुर्थीला निघालो. चिपळूण सोडलं आणि चढाच्या पायथ्याशी थांब्यावर एसटी उभी दिसली. मामांचे डोळे लकाकले.

"उतरा सगळी. वर भेटू."

"नारळ तरी राहू देत गाडीत," मामी म्हणाल्या.

"नारळ काय हलके असतात?"

मामा टक लावून बघत होते एसटीच्या मागच्या चाकांकडे. त्यामुळे मामी आम्हा सगळ्यांना घेऊन पुढच्या दाराने तिच्यात चढल्या, हे त्यांना दिसलंच नाही. अर्ध्या चढावर त्यांनी एसटीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, दिमाखात मागे टाकलं. वर पोचून कमरेवर हात ठेवून ते उभे होते. एसटी जवळून गेली तेव्हा खिडकीतून मामी शांतपणे म्हणाल्या, "देवळात भेटू."

हेदवीपर्यंत ते एसटीच्या मागे धूळ खात आले. देवळात मामी एवढंच म्हणाल्या, "शेजारी बसायचं होतं हो मला, दुसरं काय मागितलं?" मामांनी मान खाली घातली. परतताना मामींना पुढे बसवून ते इतक्या हळू आले की सायकलवाले वळून बघत होते. पण जोडीने झालेला तो एकच प्रवास. पावसाळ्यानंतर मामी गेल्या.

पुढे एकदा त्याच चढावर मी मामांच्या शेजारी होतो. गाडी सहज चढत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "पिकअप छान झालाय, मामा."

"होणारच. आता वजन कुठे राहिलंय गाडीत," ते म्हणाले. पुढे एसटी चालली होती आणि रस्ता मोकळा होता. तरी मामा तिच्या मागेच राहिले.