हरणाबाई आणि नर ओळ

कोरेगावजवळच्या बियाण्याच्या शेतावर हरणाबाईनं बारा वर्षं एकच काम केलं. मक्याच्या मादी ओळीत शिरायचं आणि पराग उधळायच्या आत तिचे तुरे उपटायचे, म्हणजे शेजारच्या नर ओळीचाच पराग कणसांवर पडतो. बाई तोंडानं फटकळ, पण काम असं की मुकादमानं मागं वळून बघू नये. मी तिथं पंप चालवतो, सगळं डोळ्यांनी बघितलंय.

गेल्या वर्षी शेत सांभाळणाऱ्या संयोगिता मॅडमनी नवं वाण आणलं. त्याच्या मादीचा तुरा वांझ, त्यात परागच नसतो, त्यामुळे उपटायची कटकट नाही. पण ते वाण टिकवायचं तर त्याच्या जुळ्या भावाचा पराग हातानं घालावा लागतो. हा भाऊ म्हणजे नऊ झाडांची नर ओळ, दिसायला हुबेहूब बहिणीसारखी. बी तेवढंच होतं. चुकलं तर वाण गेलं.

त्या सकाळी हरणाबाईला मादीच्या कोवळ्या कणसांना कागदी पिशव्या घालायच्या होत्या. शेजारणीला सुनेचं गाऱ्हाणं सांगत ती नर ओळीतून निघाली आणि ओळ संपली तेव्हा तिच्या काखेत आठ तुरे होते. नववा अजून पोंग्यातच, शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत होता, म्हणून वाचला.

दुसरी असती तर तुरे बांधाआड टाकून मोकळी झाली असती. हरणाबाई तशीच मॅडमपुढं उभी राहिली.

"म्याडम, नराचं तुरं उपटलं मी. उद्यापास्नं येऊ नगं म्हणा, पर आदी ह्याचं काय करायचं त्ये सांगा."

मला तिचा फार अभिमान वाटला.

मॅडमचा चेहरा लाल झाला, पण त्या ओरडल्या नाहीत. "मावशी, बादलीत पाणी आणा," एवढंच म्हणाल्या. तुरे देठानं पाण्यात उभे करून खोलीत ठेवले. दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ते झटकले, तर कागदावर पिवळी धूळ पडली. हरणाबाईनं एकेका कणसाची पिशवी उचलून केसांवर ती धूळ टाकली आणि लगेच पिशवी बांधली. तासभर ती एक शब्द बोलली नाही. सुनेबद्दलसुद्धा नाही.

बावीस कणसांतली वीस दाण्यांनी भरली. वाण राहिलं, बाईही राहिली.

यंदा नर ओळीची राखण मॅडमनी तिलाच दिली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं मी म्हणालोसुद्धा. हरणाबाईनं ते ऐकलं. रोज सकाळी ती त्या ओळीतून फिरते, दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून.